आजीचे दिवे संग्रहालयाला देताना

विषय: केळकर संग्रहालयाला वस्तू द्यायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडायला निघालाय. माळ्यावर आजीच्या दोन समया, एक लामणदिवा, तीन अडकित्ते, एक वज्री (पाय घासायची) आणि एक पैठणी निघाली. डिसेंबरात आठ दिवस पुण्यात आहे. सगळं चिंचेनं लख्ख घासून बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात नेऊन द्यावं आणि एक समई मंडळाच्या गणपतीसाठी इकडे परदेशात आणावी, असा बेत आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर: केळकर संग्रहालयाला वस्तू द्यायच्या आहेत

ताई, आधी चिंच बाजूला ठेवा! चिंचेतलं आम्ल पितळेचा वरचा थर खातं आणि त्याबरोबर ठोक्यांनी घातलेली नावंही पुसट होत जातात. घासायच्या पावडरचंही तेच. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ टिपा, बस. वातीपाशी जमलेली काजळी आणि सुकलेलं तेल म्हणजे दिवा खरोखर वापरात होता याचा पुरावा, तो धुऊ नका. फिकट हिरवी, पिठासारखी सुटणारी पूड दिसली, तर ती वस्तू इतरांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि संग्रहालयाला तसं सांगा. ते क्षारांनी धातू खाल्ल्याचं लक्षण असतं, आणि दमट हवेत ते वाढतं.

मग बुडाकडून पाहा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, त्यामुळे गाव, नाव, लग्नाची तिथी, शक हे बहुधा तिथेच सापडतं. पीठ किंवा खडू चोळून अक्षरं उठवायचा मोह टाळा. टॉर्च बाजूनं तिरपी धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. तसाच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९. लग्नं माघ-फाल्गुनात पुष्कळ, म्हणून इथे हमखास एका वर्षाची चूक होते.

वस्तूला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक डाग पाडतो. जाड कागदाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा, त्यावर पेन्सिलीनं क्रमांक घाला आणि वहीत त्या क्रमांकापुढे कोणी वापरली, कुठल्या गावी, कशासाठी, हे लिहा. आईला, मावशीला विचारून आत्ताच लिहा. पैठणीची घडी पुन्हा जुन्याच मोडीवर घालू नका, जरीची तार तिथेच तुटते. पातळ मलमल घेऊन नळीवर गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको आणि डांबराच्या गोळ्या थेट कापडात तर नकोतच.

उत्तर: केळकर संग्रहालयाला वस्तू द्यायच्या आहेत

काकांनी वहीचं सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं. दिनकर केळकरांनी (कवी म्हणून 'अज्ञातवासी') साधारण १९२० पासून अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, दारं, वाद्यं जमवली. राजवाड्यातलं कमी, घरातलं जास्त. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं संग्रहालय (१९३८) याच्या अगदी उलट. तिथे राजाची रुची दिसते, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. पण घरगुती वस्तूची अडचण अशी की जुन्या बाजारातून घेतलेल्या अडकित्त्यावर 'पुणे' लिहिलं, तर ते खरेदीचं ठिकाण झालं. तो घडला कुठे, वापरला कोणी, ते त्यातून कळत नाही. केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडहून आणून पुन्हा उभारला हे माहीत आहे, म्हणून त्या लाकडाला अर्थ आहे. विक्रेत्याचं 'पेशवेकालीन' मात्र कवडीमोलाचं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. संग्रहात वीस हजारांवर वस्तू, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. 'दर्शनीच ठेवा' ही अट घालू नका, आणि नेण्याआधी फोटो पाठवून विचारा. अडकित्ते त्यांच्याकडे भरपूर आहेत. दुसरं, आजीच्या वस्तूंवर सगळ्या वारसांचा हक्क असतो. दानपत्रावर सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर पुढे एखादा चुलतभाऊ परत मागायला येतो.

आणि समई इकडे आणण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी वाटली, तरी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घ्या, म्हणजे विमानतळावर वाद नको. अडकित्त्याच्या मुठीला हस्तिदंत असेल तर विषयच संपला, वन्यजीव कायदाही आडवा येतो.

उत्तर: केळकर संग्रहालयाला वस्तू द्यायच्या आहेत

आभारी आहे. भावानं टॉर्च तिरपी धरून फोटो पाठवला. मोठ्या समईच्या बुडाला 'माघ शु॥ ५ शके १८३९, मु. वाई' आहे. म्हणजे १९१८. आम्ही आजवर ती शनिवार पेठेतलीच समजत होतो. वहीत वाई लिहिलं. समई पुण्यातच राहील, गणपतीला इथल्याच दुकानातली आणते.