डी ऑफ ईची ७० वर्षं : सत्कार हॉलऐवजी ईडेलला करू या

नमस्कार मंडळी,

ब्रिटनमधल्या तरुण मुलामुलींसाठीच्या ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डला (डी ऑफ ई) यंदा ७० वर्षं झाली. त्यानिमित्त आपल्या मराठी मंडळातल्या, त्याच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या तीन पायऱ्यांपैकी एखादी पूर्ण केलेल्या मुलामुलींचा हॉलमध्ये सत्कार, शाल-श्रीफळ आणि जेवण, असा बेत कार्यकारिणीपुढे आहे. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण मला वेगळं काही सुचवायचं आहे, आणि त्यासाठी आधी माझीच एक गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी माझी लेक ब्राँझच्या एक्स्पिडिशनला, म्हणजे सामान पाठीवर घेऊन मुक्कामाच्या पायी मोहिमेला, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात गेली. सहा मुली, दोन दिवस, एक रात्र. पहिल्या दुपारी पावसात वाट चुकल्या, भलत्याच दरीत उतरल्या आणि सव्वा तास चढून परत वर आल्या. घरी आल्यावर कळलं, की त्यांच्या सुपरवायझर बाई समोरच्या उतारावरून हे सगळं पाहत होत्या आणि त्यांनी हाक मारली नाही. मला इतका राग आला, की रात्री बसून शाळेला लांबलचक मेल लिहिला. लेकीनं तो वाचला, आतून आपला ओला नकाशा घेऊन आली आणि टेबलावर पसरला. "हे बघ आई, या बारीक काळ्या रेघा म्हणजे दगडी भिंती. तिसऱ्या भिंतीला वळायचं होतं. आम्ही दुसरीला वळलो, कारण मोजायचं काम कुणालाच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मोजत होते." मी मेल पुसून टाकला.

त्यानंतर या उपक्रमाचं मूळ शोधून वाचलं. कुर्ट हान हे जर्मन ज्यू शिक्षक. हिटलरला उघड विरोध केला म्हणून १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर ते ब्रिटनला आले आणि १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. प्रिन्स फिलिप, म्हणजेच ड्यूक ऑफ एडिनबरा, तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. पुढे १९५६ मध्ये हान यांच्याच विचारांवरून फिलिप यांनी हा अवॉर्ड सुरू केला तेव्हा त्याची धुरा जॉन हंट यांच्याकडे दिली. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले त्या मोहिमेचे हे नेते. जन्म आपल्या सिमल्याचा. पहिली दोन वर्षं अवॉर्ड फक्त मुलग्यांसाठी होता, मुलींना १९५८ मध्ये दार उघडलं. भारतातही तो १९६२ पासून आहे.

मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे इथे पहिला-दुसरा नंबर नाही. सेवा, व्यायाम, एखादं कौशल्य आणि एक्स्पिडिशन (गोल्डला घराबाहेर राहून केलेलं कामही) ठरलेल्या मुदतीत मनापासून पूर्ण करायचं, एवढंच. स्पर्धा कुणाशीच नाही. आपल्या घरांत मात्र मी पुष्कळदा ऐकते, "ब्राँझ झालं ना, फॉर्मवर लिहायला पुरे, आता अभ्यास." चौदाव्या वर्षी पाठीवर तंबू घेऊन निघालेलं मूल पंधराव्या वर्षी आपणच थांबवतो. आपण आईवडील स्वतः कधी तसे चाललेलोच नाही, म्हणून हे होतं असं मला वाटतं.

म्हणून हॉलमधल्या कार्यक्रमाऐवजी जूनमधल्या एका शनिवारी पालकांनी पीक डिस्ट्रिक्टमधल्या ईडेल गावी जाऊन डोंगरात चालावं. मुलांसारखेच चार ते सात जणांचे गट, सामान आपापल्या पाठीवर, फोन अडचणीपुरते पिशवीत बंद. रूट कार्ड, म्हणजे वाटेचा आणि वेळेचा तक्ता, आपणच करायचं. ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त, हा नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशेब; पण सॅक पाठीवर असली की ताशी ३ किलोमीटरच धरा. सिल्व्हर-गोल्डवाली मुलं आपल्यावर लांबून लक्ष ठेवतील. हाक मारणार नाहीत.

– शेफील्डहून, एका ब्राँझवालीची आई

*

ताई,

कल्पना आवडली. दोन ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे.

पहिलं, शाल-श्रीफळ रद्द करू नका. नातवाच्या खांद्यावर शाल पडताना पाहणं ही आजीसाठी लहान गोष्ट नाही. ईडेलला शेफील्डहूनही रेल्वे येते आणि मँचेस्टरहूनही. आम्ही म्हातारी मंडळी गाडीनं येऊ, गावात थांबू. तुम्ही चिखलाच्या बुटांनी खाली उतरलात की तिथेच गवतावर सत्कार होऊ दे.

दुसरं, मुलांवर सगळी जबाबदारी नको. डोंगराची माहिती असलेलं एक मोठं माणूस प्रत्येक गटामागे असावं. मी तरुणपणी राजगड, तोरणा खूप केले, पण तिकडे वाट विचारायला वाडीतले मामा भेटायचे. इथे पठारावर धुकं उतरलं की नकाशा आणि कंपास यांच्याशिवाय कुणी नाही. मे महिन्यात दोन रविवार मी नकाशा शिकवायला तयार आहे. नकाशा नारिंगी कव्हरचाच घ्या, १:२५,००० चा. गुलाबी कव्हरच्या १:५०,००० मध्ये शेतांच्या भिंती दाखवलेल्याच नसतात.

ईडेलच्या माथ्यावरच्या किंडर स्काउट या पठाराची गोष्टही मुलांना सांगा. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार शिकारीसाठी राखलेल्या त्या डोंगरावर मनाई मोडून चढले आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये तोच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच.

आणि हॉलचं भाडं वाचेल त्याचं काय? आपल्यातल्या दोन-तीन घरांनी बूट, सॅक, झोपायची पिशवी यांच्या खर्चामुळे मुलांची नावं मागे घेतली, हे मला माहीत आहे. कुणी बोलत नाही, इतकंच. त्या पैशांतून मंडळाचं सामान घ्या.

– मँचेस्टरहून काका

*

काका, ताई, नमस्कार.

मी गोल्ड केलंय, चार दिवस-तीन रात्री, लेक डिस्ट्रिक्टमध्ये. जेवणाबद्दल थोडं सांगतो, कारण रोज काहीतरी गरम शिजवायचं असतं.

सरावाच्या वेळी आम्ही स्पिरिटच्या शेगडीवर खिचडी लावली. एकदा भरलेलं स्पिरिट साधारण पंचवीस मिनिटं जळतं, त्यात वारा. डाळ कच्चीच राहिली. खऱ्या एक्स्पिडिशनला आजीनं रवा भाजून, त्यात फोडणी, मीठ, साखर घालून डबा दिला. उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, पाच मिनिटांत उपमा. तिसऱ्या संध्याकाळी भिजून आल्यावर गटातल्या बाकीच्यांनीही तोच मागून घेतला. पालकांनी हेच न्यावं.

एक सूचना महत्त्वाची. या शेगडीची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली असं समजून वरून स्पिरिट ओतलं तर भडका उडतो. शेगडी पूर्ण गार झाल्याशिवाय भरायची नाही. हे मी आधी सगळ्यांना करून दाखवीन.

सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाव भागापेक्षा कमी ठेवा.

– लीड्सहून

*

काका, शालीचं तुमचं म्हणणं पटलं. सत्कार ईडेललाच करू. सामानाचा मुद्दा मला सुचायला हवा होता. येत्या बैठकीत हॉलच्या पैशांचा ठराव मी मांडते, तुम्ही अनुमोदन द्या. कोणत्या घरासाठी काय घेतलं हे कुठेही लिहिलं जाणार नाही. सामान मंडळाचं, ज्याला हवं त्यानं न्यावं.

चालायला येणाऱ्यांनी रविवारपर्यंत मला कळवा. सोबत बुटांचं माप आणि गुडघ्याचा, दम्याचा त्रास असल्यास तेही. आतापर्यंत नऊ नावं आली आहेत, म्हणजे दोन गट नक्की. आणि प्रत्येक गटात भिंती कोण मोजणार, हे निघण्याआधी ठरवा.

– ब्राँझवालीची आई