नातेवाईक लांब, मुलं लहान... तुमच्या पाठीशी कोण उभं राहिलं? अनुभव लिहा

आम्ही नेदरलँड्सला, आइंडहोवनमध्ये. दुसऱ्या बाळंतपणाला आईचा व्हिसा वेळेत आला नाही, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच, त्यामुळे घरात आम्ही दोघं, मोठी लेक आणि नवं बाळ एवढेच. इथे क्राम्झोर्ग म्हणून सोय असते, ट्रेनिंग घेतलेली बाई बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर रोज काही तास घरी येते, बेसिक इन्शुरन्समध्ये बसतं, तासामागे थोडे पैसे आपण भरायचे. नाव मात्र दिवस गेल्याचं कळलं की लगेच नोंदवा. ती यायच्या आधी पलंग ठोकळ्यांवर चढवून उंच करायचा असतो, वाकून तिची पाठ दुखू नये म्हणून. आमच्याकडे आलेल्या बाईंनी माझे टाके बघितले, बाळाचा ताप रोज लिहून ठेवला, नवऱ्याला अंघोळ घालायला शिकवलं आणि मोठी रुसली की तिला जवळ घेऊन बसायच्या, ते मी विसरणार नाही. इथे बाळ बघायला आलेल्यांना टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी बी घालून देतात, फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, अगं आपण नाही का बाळंतशोपा देत, तसंच! पण बाई दुपारी निघून जायच्या आणि रात्र आपली आपणच काढायची, तेव्हा आई हवी होती. तुमचं कसं झालं, कोण धावून आलं, लिहा, लहानमोठं काहीही चालेल.

भामरागडहून

मी जिल्हा परिषद शिक्षिका, माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडे, मिस्टरही शिक्षक पण तिकडेच. आंतरजिल्हा बदलीला पती-पत्नी एकत्रीकरणातून अर्ज केलाय, यादीची वाट बघतोय. परदेशातल्यांचं लांब असणं सगळ्यांना कळतं, पण एकाच राज्यात असून सातारा इथून किती लांब आहे हे कुणाला सांगून पटत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, लाईट नाही, रेंज नाही. अशाच एका रात्री मुलाला ताप चढला तर घरमालकीण काकू न बोलावता उठून आल्या, रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या आणि उजाडल्यावर माझ्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात आल्या. त्यांना मराठी जेमतेम येतं, मला माडिया येत नव्हतं, मुलगा आता दोन्ही बोलतो आणि त्यांना आजीच म्हणतो. सासूबाई दिवाळीनंतर येऊन राहतात पण शेती टाकून किती राहणार त्या तरी. राज्य सरकारी नोकरीतल्या मैत्रिणींनो, बालसंगोपन रजेचा जीआर वाचून ठेवा, पूर्ण सेवेत १८० दिवस मिळतात, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, सगळी एकदम घ्यायची गरज नाही.

बेंगलोरहून

बाबांच्या बाजूने लिहितो. दोघंही आयटीत, आईवडील सोलापूरला. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली हे सगळ्यांना माहीत असतं, पण ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं हे बायकोला कुणी आपणहून सांगितलं नाही, तिने विचारलं तेव्हा कळलं, म्हणून विचाराच. बाकी आमचा आधार म्हणजे मजल्यावरची दोन घरं, एक कानडी, एक ओडिया. शाळेच्या पिकअप कार्डावर तिन्ही घरांतल्या मोठ्यांचे फोटो आहेत, जो लवकर सुटेल तो सगळ्या पोरांना घेऊन येतो. समोरच्या अज्जी मुलीला रागी मुद्दे भरवतात, घरी भाकरीला नाक मुरडणारी तिथे मुकाट खाते!

नाशिकहून, एक आजी

सगळे आईबाप लिहितायत म्हणून आमचंही लिहिते. लेक अमेरिकेत. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला साधारण सहा महिनेच राहू देतात, म्हणून आधी आम्ही दोघं, आम्ही निघालो की व्याही-विहीणबाई, असं ठरवलेलं. बाळाचं मालिश, धुरी, लेकीला अळिवाचे लाडू, सगळं आवडीने केलं. पण गाडी येत नाही, बर्फात बाहेर पडायचं नाही, बोलायला कुणी नाही, ह्यांना तर फार जड गेलं. त्यातच ह्यांचं बीपी वाढलं तेव्हा कळलं की जुनं दुखणं प्रवासाच्या विम्यात बसत नाही. तेव्हा बाळांनो, आईबाबांना बोलावताना विम्याचं आधी नीट विचारा, औषधं पुरेशी बरोबर आणायला सांगा आणि शनिवार-रविवार त्यांना घराबाहेर न्या, तेही माणसं आहेत.

कॅनडाहून

आजी, अगदी पटलं. इथे सुपर व्हिसावर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि वय जास्त असेल तर प्रीमियम फार येतो. आम्ही दोघा बहिणींनी निम्मा निम्मा भरला.