मदत हवी आहे: प्लेटलेट भरपूर, फायब्रिनोजेनही नॉर्मल, मग गुठळी कच्ची का राहते?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया (प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत असा जन्मजात रक्तस्रावाचा आजार) असल्याचं नुकतंच निदान झालं. तान्ही असल्यापासून अंगावर काळेनिळे डाग उठायचे, नंतर सारखा घोळणा फुटायला लागला. पहिला दात पडला तेव्हा तर रक्त थांबता थांबेना. प्लेटलेट काउंट दर वेळी अडीच लाखांच्या आसपास, पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासण्या) ठीक, फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन) ठीक. शेवटी ॲग्रिगेशनची, म्हणजे प्लेटलेट एकत्र येतात का याची तपासणी झाली. प्लेटलेटना चेतवणारं एडीपी घाला, कोलॅजन घाला, तिच्या प्लेटलेट एकमेकींना धरतच नाहीत. फक्त रिस्टोसेटिन या रसायनाला प्रतिसाद येतो. 'क्लॉट रिट्रॅक्शन नाही', म्हणजे गुठळी आकसत नाही, असंही रिपोर्टात आहे.

प्लेटलेटवरच्या एका रिसेप्टरमध्ये दोष आहे आणि तो आईवडील दोघांकडून यावा लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. ताईचं लग्न आतेभावाशी झालंय, त्यामुळे तेवढं लगेच कळलं. अडतंय ते पुढे. थ्रॉम्बिन हे एन्झाइम फायब्रिनोजेनचं फायब्रिन, म्हणजे धागे करतं, त्याला प्लेटलेटच्या त्या रिसेप्टरची गरज नाही. म्हणजे जाळं होतंच ना? मग गुठळी टिकत का नाही? आणि बाहेरून फायब्रिनोजेन दिलं तर? ताई रात्र रात्र झोपत नाही, तिला नीट समजावून सांगायचंय. जाणकारांनी कृपया लिहावं. घरगुती उपाय नकोत.

प्रतिसाद

मी रक्तविकारांच्या लॅबमध्ये काम करते. जाळं होतं हे बरोबर, पण ते ताणून धरणारं कोणी नाही.

रिसेप्टरचं नाव अल्फा-टू-बी बीटा-थ्री. निरोगी माणसाच्या एकेका प्लेटलेटवर असे सुमारे 80,000 असतात. फायब्रिनोजेनचा रेणू दोन टोकांनी दोन प्लेटलेटना जोडतो, तो याच रिसेप्टरमुळे. पण त्याचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. बाहेरून तो फायब्रिनचा धागा पकडतो आणि आतून प्लेटलेटमधल्या ॲक्टिन-मायोसिनला जोडलेला असतो. स्नायू आकसतात तेही याच प्रथिनांमुळे. प्लेटलेट धागे आत ओढते, गुठळी घट्ट होते, सीरम (रक्तातलं पातळ पाणी) बाहेर पडतं. 37 अंशांवर काचेच्या नळीत ठेवलेलं रक्त पाहा, तासा-दोन तासांत गुठळी आकसून सीरम वेगळं दिसतं. आतल्या तांबड्या पेशी तर इतक्या दाबल्या जातात की त्यांना पैलू पडतात. अशा दाट गुठळीत प्लाझ्मिनला (गुठळी विरघळवणाऱ्या एन्झाइमला) शिरायला वेळ लागतो, म्हणून ती लवकर विरघळत नाही. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी 1918 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा काउंट नॉर्मल असून गुठळी न आकसणं हीच मुख्य खूण होती.

फॅक्टर 13 हा रक्तातला घटक फायब्रिनचे धागे एकमेकांना पक्के सांधतो. ते काम तुमच्या भाचीत होतं, पण सैल जाळ्यातच. फायब्रिनोजेन मुळात कमी नाही, त्यामुळे शिरेतून देऊन फायदा नाही. प्लेटलेट चढवल्या तर चांगल्या रिसेप्टरच्या पेशी मिळतात, मात्र शरीर त्या रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. म्हणून डॉक्टर त्या जपून वापरतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड गुठळी विरघळणं लांबवतं, दाताच्या वेळी ते फार कामी येतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात देऊ नका. शाळेतही लेखी कळवून ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार ताई. बहिणीला आजच वाचून दाखवतो. एकच विचारतो: दात काढायची वेळ आली तर जखमेवर लावायचा फायब्रिन ग्लू चालतो का?

प्रतिसाद

चालतो. तो थेट जखमेवर लावतात, सोबत ट्रॅनेक्झॅमिक असतंच. पण दंतवैद्यांनी आधी तिच्या हिमॅटॉलॉजिस्टशी (रक्तविकारतज्ज्ञाशी) बोलून मगच तारीख ठरवावी.