मदत हवी आहे : मराठी लेखात प्राचीन ग्रीक, चिन्हांसकट, कसं टाइप करायचं?

नमस्कार मंडळी,

'पेरिप्लस'मध्ये आलेल्या महाराष्ट्रावर एक लेख लिहिते आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा ग्रीक ग्रंथ. त्यात भडोच, कल्याण, पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेर, अशी नावं येतात. भडोचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, असा हिशेबही दिलेला आहे. कार्ल्याच्या खांबांवर यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, दानाचे ब्राह्मी लेख आपण पुणेकर हौसेने पाहायला जातो. मग त्यांच्या लिपीत आपली गावं कशी दिसत होती, तेही वाचकाला दिसायला हवं. म्हणून नुसतं देवनागरी लिप्यंतर मला नको आहे.

विंडोजमध्ये ग्रीक कीबोर्ड घेतला, अक्षरं उमटतात. पण ग्रंथाच्या नावातच अडले आहे : 'पेरिप्लूस तेस एरिथ्रास थालासेस'. 'तेस'च्या एटावर (त्यातल्या 'ए' स्वराच्या अक्षरावर) आणि 'एरिथ्रास'च्या शेवटच्या स्वरावर वळणदार चिन्ह हवं, 'एरिथ्रास'च्या सुरुवातीच्या मोठ्या एप्सिलॉनच्या डावीकडे बारीक स्वल्पविरामासारखं श्वासचिन्ह हवं. ती काही केल्या येत नाहीत. एका संकेतस्थळावरून उचलून डकवली, तर नेमकी ही तीन अक्षरं जाड आणि वेगळ्या वळणाची दिसतात, बाकीची नीट. शिवाय डकवलेला शब्द आणि मी टाइप केलेला तोच शब्द शोधताना जुळत नाहीत. छापखान्यातले जुळणीकार म्हणाले, चिन्हं काढून टाका, कोण बघतंय. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद :
ताई, चिन्हं अजिबात काढू नका. तुम्ही घेतलाय तो आधुनिक ग्रीकचा कीबोर्ड. ग्रीसने १९८२ साली अधिकृत लेखनातून श्वासचिन्हं काढली आणि स्वराघाताचं एकच चिन्ह ठेवलं, त्यामुळे त्यावर बाकीची सापडणारच नाहीत. भाषेच्या सेटिंगमध्ये ग्रीकखाली 'ग्रीक पॉलिटॉनिक', म्हणजे सगळ्या जुन्या चिन्हांचा, कीबोर्ड जोडा. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठी-ग्रीक अशी अदलाबदल होते. यात आधी चिन्हाची कळ, मग स्वर. आपल्याला मात्रा नंतर द्यायची सवय, त्यामुळे सुरुवातीला हात अडखळेल. कुठली कळ कशाची, ते पडद्यावरचा कीबोर्ड उघडून बघा. थीटा 'यू'वर आहे, ओमेगा 'व्ही'वर. आणि तुमच्या शीर्षकातले चारही शब्द सिग्माने संपतात. शब्दाच्या शेवटी त्याचं रूप बदलतं, ते 'डब्ल्यू'वर मिळेल.

प्रतिसाद :
ती तीन अक्षरं वेगळी दिसतात, कारण युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ती 'ग्रीक एक्स्टेंडेड' या वेगळ्या विभागात आहेत. तुमच्या फॉन्टमध्ये तो विभाग नसणार, म्हणून वर्ड ती दुसऱ्या फॉन्टमधून आणतो. जेंटियम किंवा जीएफएस डिडो घ्या, दोन्ही मोफत आहेत. ग्रीक शब्दांना स्वतंत्र कॅरेक्टर स्टाइल द्या, म्हणजे देवनागरीचा फॉन्ट बदलला तरी ते हलणार नाहीत.

शोध जुळत नाही त्याचं कारण आणखी बारीक. तीव्र स्वराघाताच्या अल्फाला युनिकोडमध्ये दोन क्रमांक आहेत, एक आधुनिक ग्रीकमधला, एक एक्स्टेंडेडमधला. दिसायला सारखेच. युनिकोड दोन्ही समान मानतं, पण साधा शोध मानेलच असं नाही. सगळा मजकूर एकदा 'एनएफसी' या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणा, म्हणजे एकच क्रमांक उरेल.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार! पॉलिटॉनिक कीबोर्ड जोडला, जेंटियम घेतला. 'तेस'वर चिन्ह अगदी नीट बसलंय. आता छापखान्याचा प्रश्न. त्यांची जुळणी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये चालते, तिथे ग्रीकच्या जागी चौकोन येतात. पुण्यात युनिकोडमध्ये जुळणी करून देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नाहीतर ग्रीक असलेली पानं मीच लावून, फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ देईन.