व्हिडिओ बघून सर्जन होतात म्हणे!

जुना_टाका:
परवा इथे एका जेआर-१ ने (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने) लिहिलं, "सरांच्या मागे फिरण्यात काय आहे, सगळी सर्जरी फोनवर शिकता येते." डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. गेल्या महिन्यात लॅप कोलीला, म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढायच्या ऑपरेशनला, असिस्ट करणारा असाच एक पोरगा मला म्हणाला, "सर, क्रिटिकल व्ह्यू बघितलाय मी." अरे, कापण्याआधी पित्ताशयात दोनच नळ्या जाताना स्पष्ट दिसल्या पाहिजेत, हा सर्जन स्ट्रासबर्गने १९९५ ला मांडलेला नियम पाठ असणं वेगळं. पित्ताशय सुजून सगळ्याला चिकटलंय, रक्त झिरपतंय, तेव्हा "आत दोनच नळ्या जाताहेत" असं छातीठोक म्हणणं वेगळं. सर्जन जिथे अडकला तो भाग व्हिडिओत कोण ठेवतं?

रात्रपाळी_जेआर२:
सर, मी वर्षभर रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं हत्यार) धरून युनिट हेडचा खांदा बघितला. हर्नियाची ॲनाटॉमी मला व्हिडिओनेच कळली. खांद्याने नाही.

फिल्मवाली:
आमच्या रेडिओलॉजीत तर रेडिओपीडिया (एक्स-रे, सीटीच्या केसेसची वेबसाइट) नसतं तर वाट लागली असती. २००५ पासून फुकट आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा येणारी केस तिथे ढिगाने. फक्त तिथे निदान खाली लिहिलेलं असतं. रात्री दोनला सीटीखाली काही लिहिलेलं नसतं, एवढं सरांचं मान्य.

रात्रपाळी_जेआर२:
आणि बघायला वेळ कधी? पहाटे सॅम्पल काढा, नळ्या लॅबला पोचवा, ब्लड बँकेत फॉर्म द्या, वॉर्डबॉय मामा नसले तर स्ट्रेचरही ढकला. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आहेत. आमचे बुधवारीच संपतात.

जुना_टाका:
आम्हीही नळ्या नेल्या. त्यातूनच पेशंट कळतो.

तिसरा_मजला:
लिफ्ट बंद असताना लॅबच्या पायऱ्या चढून पेशंट कळत नाही सर, पोटऱ्या कळतात.

जुना_टाका:
जीभ चांगली चालते. हात चालवा.

लेबररूम_ताई:
भांडा तुम्ही. माझ्या जिल्हा रेसिडेन्सीच्या (जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या ड्युटीच्या) तीन महिन्यांत एका रात्री बाळंतीण भळाभळा रक्तस्राव करू लागली. औषधांनी थांबेना. फोनला रेंज नाही. कंडोम टॅम्पोनाडचा, म्हणजे गर्भाशयात कंडोम फुगवून रक्त दाबून थांबवायचा, व्हिडिओ हॉस्टेलवर पाहिला होता, म्हणून काय करायचं ते आठवलं. पण मी सांगायच्या आत सिस्टरनी फोलीजला (लघवीच्या नळीला) कंडोम बांधून सलाईन जोडलंसुद्धा. भरत गेलो, रक्त थांबलं तिथे त्याच म्हणाल्या, "बास डॉक्टर, आता गॉजने पॅक करा." त्यांनी असला व्हिडिओ जन्मात पाहिलेला नाही.

जुना_टाका:
हेच म्हणतोय मी!

रात्रपाळी_जेआर२:
ताईंना आठवलं व्हिडिओमुळे. अर्धंच वाचता तुम्ही.

जुना_टाका:
बरं बाबा, अर्धं तुझं. आता सिस्टरना चॅनल काढायला सांगा, मीच पहिला सबस्क्राइब करतो. आणि तू लॅप कोलीला साडेसातला उभा राहा, कॅमेरा धरायला देतो.

रात्रपाळी_जेआर२:
येतो सर. साडेसातच्या नळ्या कोण नेणार?