‘इक्विटी’ला मराठीत नेमकं काय म्हणावं? (संदर्भ: अमेरिकेतले कृष्णवर्णीय आर्किटेक्ट)

रेखाटणी
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वास्तुविशारदांवर लेख लिहितेय. मी स्वतः आर्किटेक्ट, डेट्रॉइटजवळ राहते. १९७१ साली याच शहरात बारा कृष्णवर्णीय आर्किटेक्टांनी एकत्र येऊन ‘नोमा’ (नॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ मायनॉरिटी आर्किटेक्ट्स) ही संघटना काढली, म्हणून हा विषय घेतला.

अडलंय ‘रेशियल इक्विटी’पाशी. मी ‘वांशिक समता’ लिहिलं होतं. संपादक काकांनी ते खोडून ‘समानता’ केलं आणि म्हणाले, एकच आहे की! मला ते एक वाटत नाही. इथे परवान्याच्या परीक्षेचे सहा भाग सगळ्यांना सारखेच. अनुभवाचे ३,७४० तास नोंदवावे लागतात, तेही सगळ्यांना तेवढेच. ही झाली समानता. पण ते तास कुणाच्या तरी ऑफिसात भरायचे असतात. तिथे दारातच उभं केलं नाही तर सारख्या नियमाचा उपयोग काय? लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के, परवाना असलेल्या आर्किटेक्टांमध्ये जेमतेम २ टक्के.

भाषांतराच्या यंत्राने ‘वांशिक समभाग’ असा शब्द दिलाय. कृपया मदत करा.

पाटकरी
ताई, शब्द आहे आणि चांगला रुळलेला आहे: समन्याय. ‘समन्यायी पाणीवाटप’ हे आमच्या मराठवाड्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर दर दुष्काळात भांडण होतं, तेव्हा पेपरात हाच शब्द असतो.

आमची जमीन कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. सगळ्यांना दारं उघडी म्हटलं की माथ्याला ऊस उभा राहतो आणि आम्ही रात्री दारं धरायला जाऊन कोरड्या पाटात बसतो. विलासराव साळुंखेंनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली, तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजलं. माणशी अर्धा एकर, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. तुम्ही म्हणता ती इक्विटी म्हणजे हेच ना?

शब्दवेल्हाळ
पाटकरी, पाण्यासाठी ठीक आहे. पण ‘समन्याय’ हा कोर्टकचेरीतून आलेला घडवलेला शब्द आहे, आणि माझ्या मते मुळात सदोष. न्याय सम नसेल तर तो न्यायच नव्हे, मग ‘सम’ कशाला जोडायचा? संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे. ‘समता’ त्याहून मोठा शब्द. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये पाक्षिक काढलं त्याचं नावच ‘समता’. रेखाटणीताईंचा पहिला शब्दच योग्य होता, संपादकांनी उगाच खोडला.

ओळंबा
सरळ ‘इक्विटी’ लिहा हो. आणि ‘वास्तुविशारद’ तरी कोण म्हणतं? सव्वीस वर्षं साइटवर आहे, गवंड्यापासून मालकापर्यंत सगळे आर्किटेक्टच म्हणतात. सुरुवातीला मी हौसेने पाटीवर ‘वास्तुविशारद’ लिहिलं होतं. वर्षभर लोक स्वयंपाकघर आग्नेयेला येतं का ते विचारायला यायचे. शेवटी पाटी बदलली.

शब्दवेल्हाळ
लोक चुकीचं समजतात म्हणून शब्द टाकून द्यायचा, तर मराठीत उरेल काय? ‘स्थपती’ घ्या. जुना आहे, नेमका आहे.

ओळंबा
स्थपती म्हटलं तर माझा क्लायंट छत्रपतींच्या दरबारात शोधायला जाईल मला.

रेखाटणी
मूळ प्रश्न राहतोय. आणखी दोन ठिकाणी अडलेय. ‘नोमा’च्या नावात ‘मायनॉरिटी’ आहे. ‘अल्पसंख्याक’ लिहिलं की आपल्याकडे वाचक थेट धर्माकडे जातो. आणि ‘वांशिक’ वाचल्यावर माझ्या आईने विचारलं, वंशाचा म्हणजे कुणाच्या घराण्याचा?

शब्दवेल्हाळ
मग ‘वर्णीय’ करा. वर्ण म्हणजे रंग. कृष्णवर्णीय लिहितोच आपण.

निळाई
‘वर्णीय समता’ कृपया नको. वर्ण म्हणजे नुसता रंग, हे ज्यांना तो शब्द कधी टोचला नाही त्यांनाच म्हणता येतं. मराठी वाचकाला आधी चातुर्वर्ण्य आठवणार, आणि अमेरिकेतली गोष्ट भलतीकडे जाणार.

आणि परका शब्द ठेवायला घाबरू नका. १९७२ साली आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं तेव्हा ‘दलित बिबट्या’ केलं नाही. पँथरच ठेवलं, आणि आज तो मराठी शब्द आहे.

मीही आर्किटेक्ट आहे. आजोबा पाथरवट. पहिल्या वर्षी सरांनी वर्गात विचारलं, कुणाकुणाच्या घरी आर्किटेक्ट आहेत? पुष्कळ हात वर गेले. मी नाही केला. आजोबांनी कितीतरी घरांचे चिरे घडवले होते, पण ते त्या शब्दात बसत नव्हते. शेवटच्या वर्षाच्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या परीक्षेला तर माझ्या नकाशाकडे बघण्याआधी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, प्रवेश कोणत्या जागेवर? त्यामुळे तुमच्या लेखात ‘रिप्रेझेंटेशन’ला ‘प्रतिनिधित्व’च लिहा. आमच्याकडेही आम्ही आरक्षण नाही, प्रतिनिधित्व म्हणतो. त्या शब्दात उपकार नाहीत.

ओळंबा
निळाई ताई, हे वाचून हात थांबला. पाथरवटाचं नाव कुठेच राहत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजींचं नाव आहे, ‘सेवेचे ठायी तत्पर’. मी दर वेळी तिथे थांबतो.

रेखाटणी
ओळंबा दादा, तुमच्या पायरीवरून कृष्णवर्णीय आर्किटेक्ट ज्युलियन एबल आठवले. ड्यूक विद्यापीठाच्या मोठ्या भागाचे आराखडे त्यांचे, तिथलं उंच चॅपलसुद्धा. नाव मात्र त्यांच्या गोऱ्या मालकाच्या ऑफिसचं. त्याच विद्यापीठात १९६० च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. तिथल्या मुख्य चौकाला एबलांचं नाव मिळालं २०१६ मध्ये.

लॉस एंजेलिसचे पॉल विल्यम्स उलटं रेखाटायला शिकले होते. गोऱ्या गिऱ्हाइकाला शेजारी बसायचा संकोच वाटू नये म्हणून टेबलापलीकडून, गिऱ्हाइकाला सुलट दिसेल असं चित्र काढायचे. ज्या वस्त्यांत त्यांनी घरं बांधली त्यांतल्या कितींमध्ये त्यांना स्वतःला राहायची मुभा नव्हती. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचं सुवर्णपदक त्यांना २०१७ मध्ये दिलं, ते गेले १९८० मध्ये. परीक्षेचे नियम त्यांनाही इतरांसारखेच होते. म्हणून मला ‘समानता’ लिहवत नाही.

पाटकरी
टेलला पाणी पोचेपर्यंत पीक जळालेलं. समन्याय लिहा.

शब्दवेल्हाळ
माणूस मोठाच, पण त्याने शब्दाचा प्रश्न सुटत नाही. माझं मत अजून समता.

रेखाटणी
बरं, निदान हे तरी सांगा. व्हिटनी यंग हे नागरी हक्कांच्या चळवळीतले नेते. १९६८ मध्ये पोर्टलंडला आर्किटेक्टांच्या अधिवेशनात त्यांनी भर सभेत सुनावलं की नागरी हक्कांच्या कामात तुमची ओळख म्हणजे ‘थंडरस सायलेन्स’. ‘गडगडाटी मौन’ फारच भाषांतरित वाटतं.

शब्दवेल्हाळ
‘कानठळ्या बसवणारं मौन’. प्रतिमा राहते, मराठीही राहते.

ओळंबा
‘मूग गिळून बसलात’. एवढं पुरे.

शब्दवेल्हाळ
त्यात आवाज गेला की सगळा. आणि मूगच का, यावर माझ्याकडे एक व्युत्पत्ती आहे. तोंडात मूग भरलेले असले की बोलता येत नाही, मात्र ‘मूक’वरून ‘मूग’ झालं असावं असंही मला राहून राहून वाटतं.

पाटकरी
आमच्याकडे ‘दातखीळ बसली’ म्हणतात.

रेखाटणी
अंक शुक्रवारी छापायला जातोय. समता की समन्याय, कुणीतरी एकमताने सांगा ना.

शब्दवेल्हाळ
दातखीळ इथे चालणार नाही, पाटकरी. दातखीळ भीतीने नाहीतर थंडीने बसते, माणसाला बोलायचं असतं पण तोंड उघडत नाही. मूग गिळणारा आपणहून गिळतो. यंग यांच्यासमोर बसलेले लोक कुठले, त्यावर शब्द ठरेल.

निळाई
मूगच. माझ्या ज्युरीला पाच जण बसले होते. दातखीळ कुणाचीच बसली नव्हती, पुढच्या मुलाशी सगळे बोलले.