लंडनची ऑर्डर: पँट सीटला बरोबर, कमरेला चार इंच ढिली. पॅटर्न कुठं चुकतोय?

अक्कलकोट_रोड_युनिट
नमस्कार मंडळी. सोलापूर एमआयडीसीत 22 मशीनचं युनिट आहे, काम मुख्यतः शाळेच्या गणवेशाचं. मुंबईच्या एका निर्यातदाराकडून जॉबवर्क आलंय: लंडनमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी रोजच्या वापराचे कपडे. कॉटन-लायक्रा ट्विलची पँट, होजिअरीचा टी-शर्ट, हुडी आणि आत घालायची स्लिप. सॅम्पल शेऱ्यांसकट परत आलं. पँट सीटला बसते, पण कमरेला मागं चार इंच सुटते (माप इंचांत: कमर 32, सीट म्हणजे नितंबांचा घेर 44). टी-शर्टचा गळा वेण्यांवरून उतरत नाही, एका पीसचे गळ्याचे टाके तुटले. हुडीला आतून सॅटिन हवंय. स्लिपचा स्किन कलर नापास. आमचे कटिंग मास्तर म्हणतात, सरसकट एक साइझ वाढवू. करावं का?

जुना_कटर
दादा, साइझ अजिबात वाढवू नका. तुमच्या चार्टात सीट 44 ला कमर 36 धरलीय, म्हणजे फरक 8 चा. अंगावरचा फरक आहे 12 चा. एक साइझ वाढवली तर सीट 46, कमर 38 होईल. सीट ढगळ होईल आणि कमरेची फट चारावरून सहावर जाईल.

सीट आहे तिथंच ठेवा आणि ते 4 इंच वरून वाटून काढा. मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण, म्हणजे दीड. मागं दोन टक्स (कापड दुमडून घातलेल्या निमुळत्या शिवणी) पाऊण-पाऊण इंचाचे, म्हणजे आणखी दीड. उरला एक इंच, तो दोन्ही बाजूच्या शिवणींत, प्रत्येक कडेला पाव. सगळे चार इंच दोनच टक्सांत ढकलायचा मोह होतो. तसं केलं की टक्साचं टोक फुगतं आणि कितीही इस्त्री करा, बसत नाही. एक टक्स एक इंचाच्या वर नको, लांबी साडेचार इंच पुरे.

दुसरी चूक बहुतेक तुमच्या लक्षात आली नसेल. बसल्यावर मागून पट्टा खाली ओढला जात असणार, कारण सीट भरली की कापड तिथंच खर्ची पडतं. मागचं आसन (दोन पायांमधल्या शिवणीचा भाग) मध्यभागी पाऊण इंच वर चढवा आणि आसनाचं टोक मांडीकडे अर्धा इंच वाढवा. पुढच्या भागाला हात लावू नका, नाहीतर पुढं चुण्या येतील.

बेल्ट सरळ पट्टीचा असेल तर तो काढा. गणवेशाच्या हाफपँटला सरळ पट्टी चालते, इथं नाही. वरची कड लहान, खालची मोठी असा वळणदार दोन तुकड्यांचा बेल्ट कापा. फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावा, आणि वरच्या कडेत पाव इंची टेप घाला म्हणजे ती ताणणार नाही. इलास्टिक घालायचं तर फक्त मागच्या अर्ध्यात, आणि चेन ठेवूनच. चेन काढून पूर्ण इलास्टिक केलं तर पट्टा 44 च्या सीटवरून चढायला हवा, मग 32 च्या कमरेवर चुण्यांचा गठ्ठा होतो.

गुंडीकाज
कटरकाकांनी पँटचं नेमकं सांगितलंय. मी गळ्याचं आणि हुडीचं सांगते.

साध्या टी-शर्टचा गळा ताणून 23-24 इंच भरतो, तेवढ्यात मोकळं डोकं जातं. पण जाड वेण्या किंवा वर बांधलेले कुरळे केस असले की ताणलेला गळा किमान 27 तरी भरायला हवा. गळ्याला लायक्रावाली 1x1 रिब (ताणणारी विणीची पट्टी) घ्या आणि ती गळ्याच्या मापाच्या 85 टक्के कापा. गळा 22 असेल तर रिब 18.7 अधिक शिलाईचं मार्जिन. त्याहून आखूड कापली की गळा छान चपटा बसतो खरा, पण ताणत नाही. टाके तुटलेत ते नक्की साध्या मशीनच्या दाबशिलाईमुळे. गणवेशाच्या सवयीनं कारागीर गळ्याला वरून सरळ टीप मारतात, आणि कापड ताणलं तरी ती टीप ताणत नाही. तिथं फ्लॅटलॉक (कापडाबरोबर ताणणारी सपाट शिलाई) हवी, लूपरला (मशीनच्या खालच्या दोऱ्याला) टेक्स्चर्ड पॉलिस्टर दोरा, आणि बॉलपॉइंट सुई 11 नंबर. आणखी एक मार्ग म्हणजे पुढं 6-7 इंचांची बटणपट्टी. केस सांभाळून कपडा उतरवायला ती सगळ्यात सोयीची, पण खर्च वाढतो, बायरला आधी विचारा.

हुडीला सॅटिन मागतात ते हौस म्हणून नाही. घट्ट कुरळे केस मुळात कोरडे असतात. सुती कापड त्यातलं तेल-पाणी शोषतं आणि घासून केस तुटतात. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलची पाणी शोषण्याची जी ताकद, ती इथं नेमकी नको, शिवाय त्याच्या फासांत केस अडकतात. म्हणून सॅटिनची गुळगुळीत, चकाकणारी बाजू केसांकडे. उलटं लावलेलं अस्तर पुष्कळदा दिसतं, चेकरला हे आधीच सांगून ठेवा. हुड तीन कळ्यांचा करा, उंची 15-16, खोली 12 इंच. सॅटिन ताणत नाही आणि हुडीचं कापड ताणतं, म्हणून अस्तर आडवं अर्धा इंच मोठं कापा, नाहीतर हुड आत ओढला जातो. सॅटिनच्या कडा विरतात, आधी ओव्हरलॉक मगच जोड.

अक्कलकोट_रोड_युनिट
ताई, काका, फार उपयोग झाला. स्लिपला चाटी गल्लीतल्या कापडबाजारातून गडद चॉकलेटी घेऊन टाकू का? एकच रंग सोपा पडेल.

रंगतपास
नको. बाजारातला 'स्किन' म्हणजे बेज, तो सावळ्या-काळ्या त्वचेवर पांढऱ्या कपड्याखालून पट्ट्यासारखा दिसतो. पण एकच चॉकलेटी म्हणजे तीच चूक दुसऱ्या टोकाला. किमान चार-पाच तपकिरी हवेत, आणि ते नुसते फिकट-गडद नव्हेत: काही लालसर, काही पिवळसर. इंग्लंड-अमेरिकेत 'न्यूड' (त्वचेच्या रंगाचा) या शब्दावरून बराच वाद झालाय. लंडनच्या न्यूबियन स्किननं 2014 साली अशा छटांची अंतर्वस्त्रं बाजारात आणली. बॅले नर्तकींचे बूट बनवणाऱ्या फ्रीड ऑफ लंडननं तपकिरी बूट काढले ते 2018 मध्ये. तोवर नर्तकी बुटांना मेकअप लावून रंगवत होत्या. तुमच्या बायरला हे सगळं ठाऊक असणार, म्हणून इथं ढिलाई चालायची नाही.

प्रत्येक छटेच्या तीन लॅब डिप (रंगवलेल्या कापडाचे छोटे नमुने) मागवा. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग जुळवू नका, पँटोनचं त्वचारंगांचं वेगळं शेडकार्ड मिळतं. उन्हात आणि ट्यूबलाइटखाली दोन्हीकडे पाहा, उजेड बदलला की तपकिरी हमखास हिरवट किंवा लालसर होतो. सगळ्यात मोठी फसगत पट्ट्यांची होते. स्लिप सुती असेल तर रंग रिअ‍ॅक्टिव्ह, पट्ट्याचं इलास्टिक नायलॉनचं असेल तर अ‍ॅसिड डाय. हे दोन वेगळ्या प्रकारचे रंग, एका टाकीत दोन्ही कधीच जुळत नाहीत. पट्टा, जाळी, हुकपट्टी यांचे रंग वेगळे मंजूर करून घ्या.

मांजरपाट
एक भर घालते. गडद त्वचेवर घर्षण झालं किंवा ओरखडा उठला की डाग उमटतो आणि बराच काळ राहतो, काहींना केलॉइडही (व्रणाची वाढलेली गाठ) होतो. म्हणून कॉलरचं लेबल शिवू नका, छापा. स्लिपच्या आतल्या शिवणी फ्लॅटलॉक, इलास्टिक सव्वा इंच रुंद आणि अंगाकडची बाजू मऊ.

आणि 32/44 हे माप सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं समजू नका. त्यांचा एकच बांधा नसतो, जसा सोलापूरच्या बायकांचा नाही. चूक चार्टांच्या मुळात आहे. अमेरिकेत 1939-40 मध्ये सरकारी मोजणीत जवळपास 15,000 स्त्रियांची मापं घेतली, पण हिशेबात धरली ती फक्त गोऱ्या स्त्रियांची. पुढं 1958 चं तिथलं साइझ मानक त्यावरच उभं राहिलं. त्यामुळे बायरकडून प्रत्येक साइझला दोन फिट मागा, साधा आणि कमर-सीट फरक जास्त असलेला, आणि उंचीही दोन. फिट मॉडेलवर घेतलेले पुढचे, मागचे आणि बसलेले फोटो मागवा.

होजिअरी कापण्याआधी तागा उलगडून 24 तास सैल ठेवा. 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून तीन धुण्या द्या. 47 उरला तर 6 टक्के आटलं, मग 26 इंच उंचीसाठी 27.7 कापावं लागेल. आणि सॅटिन सकाळच्या पाळीत शिवा, आत्ता एप्रिलच्या कोरड्या हवेत दुपारी ते मशीनच्या फळीला चिकटून सरकतच नाही.